न दिलेलं अक्षर

गेल्या वर्षी माझ्या नातीनं माझा हात मागितला. हात म्हणजे अक्षर. आमच्या धंद्यात असंच बोलतात, या पाटीवर कोणाचा हात आहे, त्याचा हात गोल आहे, याचा हात जड आहे. तिला एक वेबसाइट बनवायची होती आणि तिच्यात माझा हात पाहिजे होता. मी हो म्हणायचं की नाही, एवढीच ही गोष्ट. पण ते ठरायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत मी जे पाहिलं ते अजून डोक्यातून जात नाही.

मी काचेवर लिहिणारा पेंटर. रायपुरात, गोल बाजारात आणि त्याच्या आसपास, बेचाळीस वर्षं हेच काम केलं. काचेवर लिहिणारा दुकानाच्या आत उभा राहून लिहितो हे पुष्कळांना माहीत नसतं. रंग आतल्या बाजूनं असला की त्याला ऊन-पाणी लागत नाही. बाहेरच्याला अक्षर सरळ दिसलं पाहिजे, म्हणून आतून ते उलटं काढायचं, उजवीकडून डावीकडे. कामाचा क्रमही उलटा. भिंतीवर आधी अक्षर भरतात आणि मग त्याला कड देतात. काचेवर आधी कड, मग भराव, मग सावली, आणि सगळ्यात शेवटी मागचा काळा. एकदा काळा मारला की झाकलं ते झाकलं, चूक दुरुस्त होत नाही.

शाळा माझी तिसरीत सुटली. वडील रेल्वेत गँगमन होते, नागपूरकडून इकडे आले, आणि मी शाळेऐवजी बाजारात एका उस्तादाजवळ जाऊन बसलो. त्यामुळे मी अक्षर काढायला आधी शिकलो आणि वाचायला मागून. उस्ताद इथलेच, छत्तीसगढी बोलायचे, तेही कमी. त्यांचा एक नियम होता. आपली पूर्ण वर्णमाला एका जागी कोणाला लिहून द्यायची नाही, एक अक्षर ठेवून घ्यायचं. मी विचारलं काहून, तर म्हणाले, "सब्बो ला दे देबे त तोर मेर का बाँचही?" सगळं देशील तर तुझ्यापाशी काय उरेल. दुसरे पेंटर नमुना मागायला आले की ते ज्ञ ठेवून घ्यायचे. मी ळ ठेवायचो. हिंदीच्या गावात ळची कोणाला आठवण येते? घेणाऱ्याला वाटायचं सगळं मिळालं. ही माझी चलाखी मला फार आवडायची.

नात आमच्याजवळच राहते. मुलगा आणि सून सिलतऱ्याकडे कंपनीच्या क्वार्टरात असतात. पोट्टीचं आधीचं काम सुटलं होतं, आणि गोल बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानाची वेबसाइट हे तिचं स्वतः मिळवलेलं पहिलं काम होतं. त्या दुकानाच्या दरवाज्याची काच मीच लिहिली आहे, आताच्या मालकाचा आजा गादीवर बसायचा तेव्हा. मालकाला जुन्या रायपूरचा थाट पाहिजे होता. "दरवाज्यावर जो हात आहे तोच वेबसाइटवर," असं त्याला पहिल्याच पानावर टाकायचं होतं. म्हणजे माझ्या होकाराशिवाय तिचं काम पुढं सरकत नव्हतं.

तिनं मला आधी दुसऱ्यांच्या वेबसाइटा दाखवल्या. मराठी तिला समजते, पण बोलते हिंदीत.

"आजोबा, देखो, आजकल सब खाली-खाली रखते हैं. बीच में बस एक चीज़."

"हे आजकालचं हाये काय?" मी म्हटलं. "जागा सोडायले हिंमत लागते. गिऱ्हाईक म्हणते, एवढी काच रिकामी काहून ठेवली, फोन नंबर टाका, देव टाका. मी नाही टाकला कधी."

"और ये काला बैकग्राउंड. अभी यही चल रहा है."

"काळा मागं असला तं पिवळा पुढं येते. माहीत हाये मले."

बायको पोळ्या लाटून राहिली होती. ती तिथूनच म्हणाली, "त्याईले सगळंच माहीत हाये. गॅस कोण्या बाजूनं बंद होते तेवढं सोडून."

मग नातीनं बोट वर सरकवलं तसं पान हललं. घर जवळ आलं, दार उघडलं, आतून कापड उडत आलं. हे मला आवडलं नाही. पाटी उभी असते आणि माणूस चालत येतो. पाटीच चालत आली तर माणसानं काय करायचं? पण त्याहून एक दुसरं पान माझ्या मनात राहिलं. आदल्या दिवशी मी त्याच्यातल्या निळ्या रंगावर बराच वेळ थांबलो होतो, रंग चांगला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडलं तर ते निळंच उघडलं. मी कोणाला काही बोललो नव्हतो. नात म्हणाली, आता अशाच साइट बनतात, पाहणारा कुठं थांबतो ते त्या पाहून ठेवतात. मी फोन पालथा ठेवून दिला.

"तुह्या दुकानवाल्याले माह्या हातानं काय पायजे पण?" मी विचारलं.

"सब एक जैसा हो गया है ना आजोबा. एकदम चिकना. इसलिए अब लोगों को हाथ की गलती चाहिए."

"माह्या हातात गलती नाही."

"अच्छा बाबा. हाथ की गरमी."

शेवटी मी म्हटलं, अक्षरं घे, पण होकार नंतर. आधी पाहीन, मग सांगीन.

खिडकीच्या चौकटीत तिनं काच बसवून घेतली. मी आत, ती बाहेर अंगणात, तिच्यापुढं तीन पायांवर फोन. पाच दिवस सकाळी सकाळी मी उलटं लिहीत गेलो आणि तिला समोरून ते सरळ उमटताना दिसत गेलं. सकाळचीच वेळ मी ठेवली, कारण दोन वर्षांपासून माझा हात थरथरतो आणि सकाळी जरा कमी थरथरतो. हे मी घरात बोललो नव्हतो. हात टेकवायची काठी काचेला लावली आणि श्वास धरून रेघ ओढली की निभून जायचं. तिच्या हातात यादी होती. अ पासून निघाली, ह वर आली, मग क्ष, त्र, ज्ञ. ळ तिच्या यादीत नव्हताच. तिची यादी हिंदीची. मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि गप्प बसलो. तिनं ळ मागितला नाही, मला नाही म्हणावं लागलं नाही, उस्तादाचा नियमही राहिला.

दोन आठवड्यांनी दुपारी जेवण झाल्यावर तिनं फोन माझ्यापुढं धरला.

काळं पान होतं, एकदम रिकामं. मग डावीकडं एक पिवळा ठिपका आला. ठिपका लांबला, वळला, आणि त्याचा क झाला. ब्रश नव्हता, हात नव्हता. माझा हात तिनं पुसून टाकला होता, फक्त रंग ठेवला होता. रंग आपल्या मनानं चालत होता. जाड रेघेवर दाबून, वळणावर हलका होऊन, आणि शेवटी ब्रश उचलताना जे शेपूट निघतं ते शेपूट काढून. मी बेचाळीस वर्षं माझं अक्षर मागून पाहिलं आहे. समोरून ते बनताना कधीच पाहिलं नव्हतं. मला ते चोरून पाहिल्यासारखं वाटलं.

आणि त्याच्यात एक गोष्ट होती. लांब रेघ ओढायच्या आधी मी थांबतो, श्वास आत घेतो आणि मग सुटतो. तो रंगही तिथं थांबत होता. आधी काही नाही, नुसती काळी जागा, एक श्वास होईल एवढा वेळ, आणि मग रेघ. मी पाहता पाहता माझाही श्वास धरला गेला. रेघ पुरी झाली तेव्हा सुटला.

"हे थांबते काहून?"

"वो आप ही रुकते हो ना. मैंने वैसा ही रखा है. कैसा है?"

मी म्हटलं, पाहू.

साइट अजून बाजारात आली नव्हती, पण तिनं माझ्या फोनमध्ये लावून दिली. खाली एक खिडकी होती. तिच्यात आपण काही टाकायचं, की ते माझ्या हातानं लिहून यायचं. दुकानात येणारा आपलं नाव टाकेल, पेंटर त्याच्या नावाची काच लिहून देईल, अशी तिची कल्पना. तिच्या मैत्रिणी ते चालवून पाहत होत्या. त्यांची नावं वर तरंगत यायची. मी नाव लिहायचो तेव्हा तो माणूस मागं उभा असायचा, चहा सांगायचा, काना चुकला म्हणून भांडायचा. ही नावं आली की त्यांच्या मागं कोणी नसायचं. अक्षर मात्र माझं.

एक दिवस दुपारी मी पडलो होतो. फोन खाटेच्या कोपऱ्यावर होता, कोणी हात लावला नव्हता. नजर गेली तर ते लिहून राहिलं होतं. एक अक्षर काढायचं, थांबायचं, पुसायचं, दुसरं काढायचं. मी उठून बसलो. खोलीत कोणी नाही, बायको शेजारी गेलेली. ते शांतपणे र काढत होतं, जसा मी सरावाच्या काळात रिकाम्या काचेवर काढत बसायचो. संध्याकाळी नात म्हणाली की पान रिकामं राहिलं की ते असंच करतं, नाही तर बघणाऱ्याला वाटतं बंद पडलं. तिला त्यात काही वाटलं नाही. मी फोनवर टॉवेल टाकायला लागलो.

तरी माझ्याजवळ ळ होता. मनाला सांगायचो, पूर्ण कुठं दिलं आहे.

ते बायकोमुळे संपलं. तिला फोनमध्ये मराठी टाइप करता येतं, भिशीच्या बायकांना ती रोज काहीतरी पाठवते. एका सकाळी चहा पिता पिता तिनं माझा फोन घेतला.

"माहाही एखादा शब्द लिहून दे म्हणा याले," ती म्हणाली आणि टाइप केलं, तुळस.

मी मनात हसलो. तु येईल, मग भोक पडेल, मग स येईल. पोट्टीला तेव्हा कळेल.

तु आला. मग काळी जागा राहिली, जरा जास्त वेळ. मग पिवळा ठिपका आला, गोल फिरला, पोटाशी आवळला, दुसरा गोल घेतला, आणि ळ झाला. मग स.

"छान काढते," बायको म्हणाली. "तुमचाच हात हाये अगदी."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. नातीला बोलावलं. "हा ळ कोठून आणला तुनं?"

"कौन सा?" तिनं पाहिलं. "अरे, ये तो मैंने लिया ही नहीं था. जो अक्षर नहीं होते ना आजोबा, वो खुद बना लेता है. बाकी सबको देखके समझ जाता है कि आप कैसे बनाते."

"मी कसा काढला असता हे त्याले कसं माहीत?"

"माहीत नहीं. अंदाज़ा."

"अंदाजा म्हणतेस. पाह्य तं."

मी त्याच वेळी ब्रश काढला. खिडकीच्या काचेवर ळ लिहिला. काठी टेकवली, श्वास धरला, पण राग आलेला होता, खालच्या गोलात रेघ फुटली. पुसून दुसरा लिहिला. तो बरा आला. मग नातीला म्हटलं, तुझा ळ कागदावर काढून आण, माझ्याही ळचा फोटो काढून तसाच काळ्या-पिवळ्यात काढून आण, एवढ्याच मापाचा. तिनं झेरॉक्सच्या दुकानातून दोन्ही छापून आणले. मी बायकोपुढं दोन्ही कागद ठेवले. तिनं माझ्या हातच्या पाट्या लग्नापासून पाहिल्या आहेत, डब्यावरची नावंसुद्धा.

"यातला माहा कोणता?"

तिनं चष्मा लावला. एकदाच पाहिलं आणि मशीनच्या कागदावर बोट ठेवलं. "हा. हा दुसरा कोण्या शिकाऊ पोराचा असन."

नातीनं माझ्या हाताकडं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. त्या दिवशी तिला कळलं असावं की हात थरथरतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायचं ठरलं होतं. मालकानं चहा मागवला, दोन जुने नोकर होते, एक गिऱ्हाईक होतं. मालक म्हणाला, "पेंटर काका, बस आपकी हाँ चाहिए. बिटिया ने क्या काम किया है, मेरे पिताजी तो देखते ही रह गए."

मी सगळ्यांपुढं म्हटलं, "वो मेरा हाथ नहीं है. नकल है."

मालकानं नातीकडं पाहिलं. नात फोनकडं पाहत राहिली.

"काका, पर बाकी अक्षर तो आपने ही..."

"जो चीज मैंने लिखी नहीं, वो मेरे हाथ की कैसे? कल को कोई पूछेगा ये किसने लिखा, तो मैं झूठ नहीं बोलूँगा."

मालक बरा माणूस होता, भांडला नाही. म्हणाला की मग पहिल्या पानावर ते वाक्य टाकता येणार नाही, आणि ते वाक्यच नसेल तर मग तयार मिळतात तशी कोणतीही साइट चालेल, त्याच्या मेहुण्यानं एक सांगून ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. घरी आल्यावर नातीनं कॉम्प्युटर बंद केला आणि आजीला म्हणाली, "मैं सिलतरा जा रही हूँ, मम्मी के पास." जाताना माझ्या पाया पडली. ती पाया पडते तेव्हा जास्त राग आलेला असतो.

बायकोनं मला दोन दिवस नुसतं जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरगी वर्षभरानं हसली होती. तुमचा ळ खाऊन नाही टाकला तिनं."

"खोट्यावर सही करू काय?"

"खोटं हाये हे कोण सांगते? तुमचंच तोंड."

तिचं बोलणं मला लागलं, कारण मला पुरावा पाहिजे होता आणि माझ्याजवळ तो नव्हता. या गावात ळ लिहायची पाळी माझ्यावर दोन-चारदाच आली. त्यातली एक जागा अजून असेल तर असेल, ब्राह्मणपाऱ्यात. तिथं मराठी बायकांचं एक मंडळ होतं, त्यांच्या खोलीच्या दारावर आडवी काच, आणि तिच्यावर मी चांगला तरणाताठा असताना लिहिलं होतं, महिला मंडळ. तो ळ खरा. तो पाहायचा, मशीनच्या ळला लावून दाखवायचा, फरक दाखवायचा. मग कोणी म्हणू शकणार नाही की म्हातारा हट्टानं बोलतो.

मी चालत गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील, देवळाच्या मागची गल्ली, ऊन भिंतीवर आलेलं. खोली बंद होती. मंडळ आता भरत नाही, शेजारच्या बाईजवळ किल्ली असते. ती पदराला हात पुसत आली.

"काय पायजे काका? खोली भाड्यानं नाही देत आमी."

"काच पाहाची हाये. वरची."

काच तीच होती. रंग मागून थोडा सुटला होता, पण अक्षरं शाबूत. मी खाली उभा राहून फोन काढला, मशीनचा ळ मोठा केला आणि वर धरला.

सगळ्या अक्षरांत ळच जरा खाली उतरलेला होता. दुसरा गोल पहिल्यापेक्षा लांबट, आणि शेवटी रेघ डावीकडं ढळलेली, जशी चालता चालता पायरी चुकते तशी. फोनमधलाही ळ तसाच. लांबट गोल, आणि रेघ डावीकडं ढळलेली. मी फोन खाली घेतला, पुन्हा वर धरला. डोळे पुसून पाहिलं. तेवढीच ढळ, त्याच जागी.

आणि मला ती ढळ कुठून आली ते आठवलं. त्या दिवशी मी आतून स्टुलावर उभा होतो. स्टुलाचा एक पाय आखूड होता. शेवटच्या अक्षराला आलो आणि स्टूल कलंडलं. हात ओढला गेला. मंडळाच्या बाया घाईत होत्या, उद्घाटन संध्याकाळी होतं. मी तसाच काळा मारून दिला. कोणाला दिसलं नाही. बायकोला नाही सांगितलं, उस्तादाला नाही सांगितलं. त्यानंतर मी तसा ळ कधी काढला नाही. माझी बाकीची अक्षरं कितीही पाहिली तरी त्यांच्यात तो आखूड पाय नाही. नातीनं ही गल्ली पाहिलेली नाही. या काचेचा फोटो कुठं निघाला असेल असंही नाही, फोन येण्याच्या किती आधीपासून ही खोली बंदच असते.

मग ते त्याला कोणी सांगितलं?

मी किल्ली मागून आत गेलो. मागून अक्षर मला नेहमीसारखं, उलटं दिसलं. स्टूल नव्हतं. ज्या जागी ते होतं तिथं मी उभा राहिलो, आणि खरं सांगतो, फरशी सपाट होती तरी माझा एक पाय खाली गेल्यासारखा झाला. भिंत धरली.

"बरं नाही वाटून राहिलं काय काका? पाणी देऊ?" बाईनं विचारलं. मग काचेकडं पाहून म्हणाली, "हे कॉम्प्युटरचंच हाये ना? हातानं एवढं बरोबर कोठं येते."

"हातानंच हाये."

"कोणाच्या?"

चार लोकांत मी ज्याला माझं नाही म्हटलं होतं ते आणि हे एकच होतं. एकाला माझं म्हटलं तर दुसऱ्यालाही म्हणावं लागत होतं.

"माह्या," मी म्हटलं.

तिनं भिंतीवरच्या माझ्या हाताकडं पाहिलं. "असन," म्हणाली आणि कुलूप शोधायला लागली.

घरी येऊन मी नातीला फोन केला. फक्त एवढं म्हटलं, ये, ते माझंच आहे. काचेचं आणि स्टुलाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती अंदाज़ा, आणि मला तो शब्द पुन्हा ऐकायचा नव्हता. दुकानात जाऊन मी त्याच मालकापुढं, त्याच नोकरांपुढं म्हटलं की मी चुकीचं बोललो होतो, हात माझाच आहे. असं मी जन्मात एक-दोनदाच म्हटलं असेल. मालकानं मोठेपणा दाखवला, तो विषयच वाढवला नाही.

आता फक्त होकार द्यायचा होता. मला वाटलं कागद येईल, रेव्हेन्यू तिकीट लावलेला. नातीनं फोन पुढं केला. पानावर बरंच लिहिलेलं, आणि खाली एक पांढरा चौकोन.

"यहाँ उँगली से साइन करो आजोबा."

"कागद नाही काय?"

"अब कागज़ कौन करता है."

बायको येऊन मागं उभी राहिली. मी सही केली, पाट्यांच्या कोपऱ्यात करायचो तीच. काठी टेकवायला जागा नव्हती. बोट थरथरत गेलं, रेघ दोन जागी फुटली, शेवटचं वळण चौकोनाला जाऊन लागलं. बोट उचललं. सही क्षणभर तशी राहिली. मग ढिल्या दोरीला कोणी दोन्हीकडून ओढावं तशी ती ओढली गेली आणि सरळ झाली. फुटलेली रेघ जुळली. वळण आत आलं.

"हे काय केलं तुनं?"

"मैंने कुछ नहीं किया. वो अपने आप ठीक करता है."

"पूस. पुन्हा करतो."

पुन्हा केली. पुन्हा सरळ झाली. तिसऱ्यांदा मी मुद्दाम बोट हलवलं, नागमोडी काढली, वाचताही येऊ नये अशी. या वेळी त्याला जरा वेळ लागला. चौकोनात काही हललं नाही, आणि मी श्वास धरून वाट पाहत होतो. मग ती रेघ हळूहळू उलगडली आणि माझी सही झाली, पस्तिशीत करायचो तशी.

बायको खाली वाकली. "आता आली बरोबर. पहिले अशीच करत होते तुमी."

नातीचं बोट बटनावर होतं. "भेजूँ?"

तिचा चेहरा पाहिला. महिनाअखेरला चार दिवस राहिले होते.

"हव," मी म्हटलं.

तिनं पाठवलं. मी सवयीनं बोट पायजम्याला पुसलं. त्याला काही लागलेलं नव्हतं.